कूलंट जातंय कुठे? जुन्या मिनीव्हॅनची गळती शोधताना

आमची मिनीव्हॅन तीन रांगांची, वयाने तेरा वर्षांची. दर पंधरवड्याला बॉनेट उघडावं तर कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेच्याही बोटभर खाली. गाडी उभी राहते ती जागा मात्र कोरडी ठणठणीत. मी भर घालायचो, झाकण लावायचो आणि विषय पुढच्या पंधरवड्यावर ढकलायचो. चार महिने असेच गेले. मग रेडिएटरचं झाकण बदललं; फरक नाही. वरचा होज (रेडिएटरला जोडलेली रबरी नळी) बदलला. तो तसाही जुना झाला होता, म्हणून फार हळहळलो नाही. शेवटी गाडी एका गॅरेजला दाखवली, तर उत्तर मिळालं, "वॉटर पंप गेला असणार." आमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टच्या (इंजिनाच्या हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या पट्ट्याच्या) आड बसवलाय. तो काढायचा म्हणजे इंजिनाची एक बाजू अख्खी उघडायची. एवढं सगळं एका "असणार"वर? मी गाडी परत घेऊन आलो आणि ही भानगड मुळापासून समजून घ्यायला बसलो.

गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही, छंद म्हणावा इतपतच आहे. पण गळती शोधायला हातात कसब लागतं त्यापेक्षा डोळे आणि सबुरी जास्त लागते, हे आता खात्रीने सांगू शकतो.

दाबाखाली फिरणारं पाणी

इंजिनात इंधन जळून जी उष्णता तयार होते तिचा मोठा वाटा चाकांपर्यंत पोचतच नाही. काही सायलेन्सरवाटे जाते, बरीचशी इंजिनाच्या धातूत मुरते. ती उचलून बाहेर टाकायचं काम कूलंटचं. वॉटर पंप त्याला इंजिनाच्या पोटातल्या पोकळ्यांतून फिरवतो, थर्मोस्टॅट उघडला की ते रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने निवतं आणि परत येतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी उघडायला लागतो. तोवर कूलंट इंजिनातच घुटमळत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. एक फाटा डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जातो. मिनीव्हॅनमध्ये अजून एक फाटा असू शकतो, त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

कूलंट म्हणजे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, शिवाय धातू गंजू नये म्हणून घातलेली रसायनं. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही आणि उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळतं. पण इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, काही जागा याहून गरम असतात. म्हणून झाकण सगळ्या यंत्रणेला दाबाखाली ठेवतं. कुकरचं तत्त्व तेच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो या दाबाचा, बार या एककात. दाब एक बारच्या आसपास असला की तेच मिश्रण १२५ अंशांपर्यंतही उकळत नाही.

इथून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे छोट्या गळतीला छोटी समजू नये. कूलंट थोडंच गेलं तरी दाब धरला जात नाही, आणि दाब गेला की उकळायचा बिंदू खाली येतो. दुसरी, गळती तापल्यावर आणि थंड असताना वेगळी वागते. प्लास्टिकला गेलेली केसाएवढी चीर थंड इंजिनात मिटलेली असते आणि दाब चढला की उघडते. उलट होजच्या टोकाची ढिली क्लिप थंडीत ठिबकते, कारण रबर आणि धातू आकसलेले असतात. इंजिन तापलं की सगळं फुगून घट्ट बसतं. गॅरेजमध्ये गाडी तापूनच पोचते. त्यामुळे पहाटे ठिबकणारी क्लिप तिथे अगदी साधू होऊन बसते.

आणखी एक. इंधन जळतं, इंजिन ऑइलही जुन्या इंजिनात थोडंफार जळतं, पण कूलंट हे खर्च व्हायची वस्तूच नाही. बाजूच्या टाकीतून वर्षभरात थोडी वाफ उडेल, तेवढंच. महिन्याला अर्धा लिटर भरावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर तरी जातंय, नाहीतर इंजिनाच्या आत. "जुनी गाडी आहे, थोडं पाणी खातेच" हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा म्हटलंय. गाडी पाणी खात नाही. खात असलीच तर प्रकरण गंभीर आहे.

आधी डोळे, मग पाना

सुरुवातीला एक सूचना, आणि ती मी गमतीत सांगत नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाब एकदम सुटतो, आत दाबून धरलेलं पाणी क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. वरचा होज हाताला गार लागला पाहिजे आणि दाबला तर सहज दबला पाहिजे, मगच झाकणाला हात. रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही आपणहून सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं लांब. आणि कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. कुत्री-मांजरं ते आवडीने चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. सांडलेलं तसंच सोडू नये.

आता पाहणी. पातळी नेहमी सकाळी, गाडी सपाट जागी आणि पूर्ण थंड असताना बघायची. टाकीवर मार्करने रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. मी चार महिने डोळ्याच्या अंदाजाने भरत होतो, त्यामुळे नेमकं किती जातंय हे मलाच सांगता येत नव्हतं. रेघा मारायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली: शहरातल्या शहरात गाडी फिरवली तर पातळी फारशी हलत नाही, लांबचा प्रवास झाला की उतरते. म्हणजे गळती दाबाची, तापल्यावरची. एका रेघेने एवढं सांगितलं.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरायचा आणि पुढच्या चाकांच्या जागा पेनने खुणावून ठेवायच्या, म्हणजे डाग इंजिनाच्या कुठल्या कोपऱ्याखाली पडला ते सकाळी कळतं. उन्हाळ्यात एसीचं पाणी पडतं, त्याने दचकू नये. ते बिनरंगी, बिनवासाचं आणि साध्या पाण्यासारखं असतं. कूलंट बोटांत चोळलं तर किंचित बुळबुळीत लागतं, रंग असतो आणि वास गोडसर. चव घेऊन खात्री करायला जाऊ नका.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून गळती नाही असं मात्र नव्हे. कूलंट तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर तिथेच उडून जातं. इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात साठतं. चालत्या गाडीत वाऱ्याने मागे फेकलं जातं. पण जाताना खूण ठेवतं: पाणी उडून गेलं की मागे ग्लायकॉल आणि क्षारांचा थर राहतो, पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा, वाळलेल्या मिठासारखा. जुन्या गळतीत ओल शोधण्यापेक्षा हा थर शोधणं सोपं जातं. टॉर्च, छोटा आरसा, आणि जिथे डोकं जात नाही तिथे फोन घालून व्हिडिओ काढायचा.

पाणी एका जागी सुटतं, दुसऱ्याच जागी थेंब होतं. होजवरून, ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) कडेवरून, एखाद्या वायरवरून ओघळत ते सगळ्यात खालच्या टोकाशी येऊन पडतं, आणि आपण त्या टोकालाच गुन्हेगार ठरवतो. म्हणून नेहमी सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. त्याच्याही वर कोरडं असेल तरच ती खरी.

नेहमीचे गळके

होज पाइप बाहेरून काळेभोर, गुळगुळीत दिसले तरी आतून गेलेले असू शकतात. रबराला चिरा बऱ्याचदा आतून पडतात, आणि त्याही टोकापाशी, क्लिपच्या जवळ. थंड असताना टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर अंगठा आणि बोटाने दाबून बघायचं आणि मग तोच होज मधोमध दाबायचा. टोक जास्त मऊ लागलं किंवा आत काहीतरी चिरकल्यासारखं जाणवलं तर होज बदलायचा.

रेडिएटरचा मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही कडांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. मध्ये रबरी पट्टी, आणि धातूची कडा वळवून ते दाबून धरलेलं. हजारो वेळा तापून-थंड होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं आणि रबर बसतं. सांध्याच्या रेषेवर तो पांढरट थर दिसला तर बाहेरून चिकटवण्यात वेळ घालवू नये. इपॉक्सी लावून गाडी घरी आणता येते, त्यापुढे रेडिएटर बदलणं हाच मार्ग.

वॉटर पंपाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर यावं, यासाठी. तिथे पुसट डाग असणं चालतं. थेंब किंवा ताजा ओघळ दिसला तर पंप गेला. पुली हाताने हलवून बघावी, खेळ असेल तर बेअरिंग संपलंय. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर पंप बदलताना बेल्ट नवाच घालावा. तीच मेहनत दोनदा कोण करणार? शिवाय कूलंटने भिजलेल्या बेल्टवर भरवसा ठेवता येत नाही.

केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, हीटर किंवा डीफ्रॉस्टर लावल्यावर काचेवर तेलकट धुकं चढत असेल, पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागत असेल तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर गळतोय. सुटा भाग छोटासा, पण बऱ्याच गाड्यांत तो काढायला अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आडव्या बसवलेल्या व्ही-६ इंजिनात (सहा सिलिंडर, व्ही आकारात) इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या भागाचं, गॅस्केटही (सांध्यातली पट्टी) बघायला हवं. त्याची गळती दोन्ही हेडमधल्या खोलगट जागेत साठते आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याच्या टोप्या ठोकलेल्या असतात, त्याही गंजून पाझरतात.

एवढं सगळं मी बघितलं. पंपाचं छिद्र फोनच्या कॅमेऱ्याने तीन वेगवेगळ्या दिवशी पाहिलं. कोरडं.

मागच्या हीटरची नळी

तीन रांगांच्या गाडीत मागच्या लोकांनाही ऊब लागते. म्हणून बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये मागे, बहुतेक करून मागच्या चाकाजवळच्या पॅनेलच्या आत, दुसरा हीटर असतो. त्याला गरम कूलंट हवं. ते पोचवायला दोन नळ्या, एक जायची आणि एक यायची, इंजिनापासून निघून गाडीच्या पोटाखालून थेट मागेपर्यंत गेलेल्या असतात. पुढे हीटरच्या होजमध्ये टी आकाराचे जोड घालून हा फाटा काढलेला असतो, आणि बऱ्याच गाड्यांत हे टी प्लास्टिकचे असतात.

म्हणजे कूलंटच्या वाटेचा लांबलचक भाग बॉनेटखाली नाहीच. आपण, आणि घाईत असलेला मेकॅनिकसुद्धा, बॉनेट उघडतो, तिथे शोधतो, तिथे नाही म्हटल्यावर "आतून जात असणार" म्हणतो.

माझ्या उपयोगी पडला तो प्रेशर टेस्टर. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्याला दाबमापक, आणि रेडिएटरच्या तोंडावर झाकणाच्या जागी बसणारा अडॅप्टर. थंड इंजिनात यंत्रणा पूर्ण भरायची, टेस्टर बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब चढवायचा. जास्त नाही; नाहीतर गळती शोधता शोधता नवी तयार व्हायची. मग थांबायचं. काटा पंधरा-वीस मिनिटं जागेवर राहिला तर बाहेरची गळती बहुधा नाही. उतरला तर कुठेतरी गळती आहे. इंजिन बंद, पंखा बंद, काही तापलेलं नाही. त्यामुळे आरामात गाडीभोवती फिरून शोधता येतं. एक बारकावा: काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो आणि हीटर गारवर ठेवला की तो बंद होतो. मग मागचा अख्खा फाटा चाचणीतून सुटतो. म्हणून आधी चावी फिरवून पुढचा आणि मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर करून ठेवायचे.

माझा काटा वीस मिनिटांत एक बारवरून पाऊण बारवर आला. बॉनेटखाली सगळं कोरडं. मग गाडीची एक बाजू जॅकने उचलली, पक्क्या स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचं नाही) आणि टॉर्च घेऊन आडवा झालो. सरकत्या दाराखाली, जिथे दोन्ही नळ्या एका पत्र्याच्या पकडीतून जातात, तिथे पकडीच्या आत रबराचं अस्तर होतं. नळी खडखडू नये म्हणून लावलेलं. त्या अस्तराने तेरा वर्षं चिखल आणि ओल धरून ठेवली होती. बाहेरून नळी बरी दिसत होती, थोडी तांबूस. पकड सैल करून अस्तर बाजूला केलं तर खालून नळीचा पापुद्रा निघाला, आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका. पुसला. सात-आठ सेकंदांनी परत आला. गाडी पळताना तिथून फवारा उडत असणार आणि वाऱ्याने मागे पसरत असणार. मागच्या एक्सलवर मी चार महिने जो पांढरट थर धुळीचा समजत होतो, तो त्याचाच.

टेस्टर हाताशी नसेल तर कूलंटमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून दोन-चार दिवस गाडी चालवायची आणि मग अंधारात अतिनील टॉर्च मारायचा. गळतीचा माग हिरवट-पिवळा उजळून निघतो. अगदी सावकाश पाझरणाऱ्या गळतीला मला हा उपाय टेस्टरइतकाच पटतो.

बाहेर काहीच नाही, तरी पातळी उतरते

दाब उतरतोय, पण सगळीकडे कोरडं आहे. अशा वेळी हेड गॅस्केटचं नाव घ्यावं, त्याआधी नाही. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हे गॅस्केट फाटलं की कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आणि जळणातले वायू कूलंटमध्ये. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर ते वायूचं काम, कारण एवढ्यात तापमानाने दाब चढू शकत नाही. सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळणं, टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही न थांबणारी पांढरी, गोड वासाची वाफ, ही बाकीची लक्षणं. स्पार्क प्लग काढले तर एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, कारण तो रोज वाफेने धुतला जातोय.

पक्कं करायला निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची; त्यात जळणातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं पिवळं होतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नका. थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांना तो नुसत्या दमटपणानेही दिसतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ कॉफीसारखं झालं असेल तर इंजिन सुरू करू नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत त्याचं ऑइल थंड करणारी नळी बऱ्याचदा रेडिएटरच्या टाकीतच असते. ती आत फुटली तर दोन्ही द्रव मिसळतात आणि गुलाबी दूध तयार होतं. तसं दिसलं तर गाडी ओढूनच न्यावी.

जोडताना

होज काढताना पिळून ओढू नये. रेडिएटरची प्लास्टिकची मान तुटते आणि काम दुप्पट होतं. होजला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि सोलून काढावा, तोही ब्लेड मानेला लागू न देता. मान धातूची असेल तर बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करावी. जुना क्षारांचा थर राहिला तर नवा होजही तिथूनच पाझरतो. क्लिप मानेवरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. स्प्रिंगच्या क्लिपा बघून बरेच जण त्या फेकतात आणि स्क्रूच्या लावतात. मी नाही फेकत. स्प्रिंगची क्लिप होज फुगला-आकसला की स्वतःही तशी हलते. स्क्रूची एकदा आवळली की तशीच राहते आणि वर्षभराने ढिली निघते. स्प्रिंगची जोरकस असेल तर तीच परत वापरावी.

प्लास्टिकचा एक टी तुटला तर दोन्ही बदलावेत. दुसराही तेवढाच भाजलेला असतो, आणि हीटरचा होज ओढताना हातातच तुकडे होतो. बदलीला धातूचे टी मिळाले तर उत्तम.

मागच्या नळ्यांना तीन वाटा आहेत. गंज एकाच जागी असेल तर तेवढा तुकडा कापून, दोन्ही बाजूंनी चांगला धातू लागेपर्यंत मागे सरकून, मध्ये हीटरचा होज घालायचा. कापलेल्या नळीच्या टोकाला उंचवटा नसतो, त्यामुळे दाबाने होज निसटू शकतो. टोक किंचित फुलवून घ्यावं आणि दोन्हीकडे दोन-दोन क्लिपा लावाव्यात. शिवाय त्या जागी सायलेन्सर जवळ नाही ना, ते बघावं. गंज ठिकठिकाणी असेल तर अख्खी जोडी बदलावी. मागे हीटर कुणाला लागतच नसेल तर तिसरी वाट: पुढचे टी काढून तिथे सरळ होज घालायचे आणि मागचा फाटाच बाद करायचा. इंजिनाला त्याने काही होत नाही. मागची ऊब तेवढी जाते. मी पहिली वाट धरली, कारण बाकीची नळी टोकरून बघितली तर टणक होती.

गळती बंद करणाऱ्या पावडरी आणि द्रव यांच्याबद्दल माझं मत कडवट आहे. गळतीच्या जागी गुठळी व्हावी म्हणून ते बनवलेले असतात, पण हीटर कोअरच्या बारीक नळ्या आणि गळतीचं बारीक छिद्र यांत त्यांना फरक करता येत नाही. आडरानात अडकलात आणि घर गाठायचंय, तर घाला. घरी पोचल्यावर यंत्रणा धुऊन खरी दुरुस्ती करा.

हवा काढणं

इथे मी एकदा फसलो. नळी जोडली, कूलंट भरलं, गाडी सुरू केली आणि दहा मिनिटांत हीटर गार वारा फेकायला लागला. मागचा हीटर असलेल्या काही मिनीव्हॅनमध्ये १२ लिटरच्या आसपास कूलंट मावतं आणि त्याची वाट वर-खाली, पुढे-मागे अशी लांब असते. भरताना त्यात हवा अडकते. हवेचा फुगा पंपात आला तर फिरणं थांबतं. तापमानाच्या सेन्सरपाशी आला तर काटा खोटं सांगतो.

गाडीचं तोंड चढाला करावं किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्यावीत, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं. तोंडावर घट्ट बसणारं मोठं नरसाळं लावावं आणि ते अर्धं भरलेलं ठेवावं. पुढचा-मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत उघडा ठेवावा, मगच इंजिन सुरू करावं. थर्मोस्टॅट उघडला की नरसाळ्यातली पातळी एकदम खाली जाते आणि मोठाले बुडबुडे येतात. घाई करायची नाही. दोन्ही हीटरमधून गरम वारा यायला लागला, पंखा एक-दोनदा सुरू होऊन थांबला आणि बुडबुडे संपले, की इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि नंतरच नरसाळं काढायचं. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पातळी थोडी उतरते, ती उरलेली हवा. त्यानंतरही उतरत राहिली तर पुन्हा टेस्टर.

भरायला काय घ्यावं? गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच. हिरवं, नारिंगी, गुलाबी, निळं या रंगांना सर्वमान्य नियम नाही. दोन कंपन्यांचं गुलाबी वेगळं असू शकतं. वेगवेगळे प्रकार मिसळले की गंजरोधकांची ताकद घटते, कधी गाळही धरतो. रस्त्यात थोडंसंच भरायचं असेल आणि योग्य कूलंट नसेल, तर भलत्या रंगापेक्षा शुद्ध पाणी बरं. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नये. जुनं ऑइल घेतात तिथे बहुधा हेही घेतात.

चालत्या गाडीत काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. हीटर हा लहानसा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तो ओढून घेतो. त्याने काटा उतरला नाही तर बाजूला थांबून इंजिन बंद करावं. गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकू किंवा तडकू शकतं. काट्यावर फार विसंबूही नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध खिळवलेला असतो आणि प्रकरण हाताबाहेर गेल्यावरच हलतो. त्याआधी कळतं ते हीटरवरून: सिग्नलला उभं असताना वारा गार आणि गाडी पळायला लागली की परत गरम, असं झालं तर कूलंट कमी झालंय.

आमच्या टाकीवरची शेवटची रेघ आठ महिन्यांपूर्वीची आहे आणि पातळी तिथेच आहे. वॉटर पंप अजून जुनाच. सर्व्हिसच्या वेळी त्याच्या छिद्रात फोन घालून बघतो. परवाही बघितलं, कोरडंच होतं.